वाचक विचारतात : एक्स-मेनचं बेट आणि मरणाचा नवा हिशेब

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, म्हणून आधी थोडी ओळख. जुलै २०१९ मध्ये मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीने एक्स-मेनचा सगळा कारभार जोनाथन हिकमन या लेखकाकडे सोपवला. त्याने शाळा, गणवेश, ‘माणसांनी आपल्याला स्वीकारावं’ ही जुनी धडपड असं सगळं बाजूला सारलं आणि म्युटंटांना (जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या माणसांना) क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर स्वतःचं राष्ट्र दिलं. स्वतःची भाषा, स्वतःचे कायदे, आणि मेलेल्यांना परत आणायची सोयसुद्धा. हा प्रकार जून २०२४ पर्यंत चालला. उत्तरांमध्ये कथेतली रहस्यं फुटणार आहेत. ज्यांना कोरं वाचायचं असेल त्यांनी पहिलं उत्तर वाचून पान उलटावं.

प्रश्न : एक्स-मेनचे सिनेमे पाहिलेत, कॉमिक्स एकही वाचलेलं नाही. थेट क्राकोआपासून सुरुवात केली तर कळेल का? — वाचक, नागपूर

कळेल. १९६३ पासूनचं सगळं वाचून मग इकडे येतो म्हणाल, तर कधीच पोचणार नाही. मागच्या दोन घटना तेवढ्या ठाऊक असू द्या. २००१ च्या कथेत सेंटिनेल यंत्रांनी जेनोशा बेटावरचे १ कोटी ६० लाख म्युटंट मारले. २००५ मध्ये स्कार्लेट विच या जादूगारणीने तीन शब्द उच्चारून जगातल्या बहुतेक म्युटंटांच्या शक्ती काढून घेतल्या, जेमतेम दोनशे उरले. क्राकोआतल्या माणसांच्या मनात हे दोन आकडे सतत असतात, आणि त्यांच्या रागाचं मूळही तिथेच आहे.

सुरुवात ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ या दोन मालिकांनी होते. प्रत्येकी ६ अंक. नावं दोन असली तरी गोष्ट एकच आहे आणि इथेच लोक फसतात. एक मालिका संपवून दुसरी हातात घेतली की पाचव्या अंकापर्यंत सगळी रहस्यं आधीच फुटलेली असतात. क्रम असा ठेवा : हाउस १, पॉवर्स १, हाउस २, पॉवर्स २, पॉवर्स ३, हाउस ३, हाउस ४, पॉवर्स ४, हाउस ५, पॉवर्स ५, हाउस ६, पॉवर्स ६. मधे दोनदा एकाच मालिकेचे दोन अंक लागोपाठ येतात, ती छपाईची चूक नव्हे. एकत्रित पुस्तक घेतलंत तर हाच क्रम आयता मिळतो. डिजिटलवर मात्र दोन मालिका वेगवेगळ्या दिसतात, तिथे ही यादी जवळ ठेवा.

‘पॉवर्स’मध्ये चार काळ आहेत : वर्ष १, वर्ष १०, वर्ष १०० आणि वर्ष १०००. नावातला एक्स म्हणजे रोमन दहा, त्यामुळे वाचायचं ‘पॉवर्स ऑफ टेन’. हजाराव्या वर्षातली निळी माणसं नि त्यांचं ग्रंथालय पहिल्या वाचनात डोक्यावरून जाईल. जाऊ द्या. त्याचा उलगडा थेट बाराव्या अंकात होतो, तोवर ती पानं चित्रांसाठी वाचा. ‘हाउस’ची चित्रं पेपे लाराझची, ‘पॉवर्स’ची आर. बी. सिल्व्हाची आणि दोन्हींचे रंग मार्टे ग्रासियाचे. वेगवेगळ्या हातांची चित्रं एकाच जगातली वाटतात, त्याचं निम्मं श्रेय रंगांना द्यायला हवं.

प्रश्न : मोइरा मॅकटॅगर्टच्या दहा आयुष्यांचा तक्ता तीनदा पाहिला, तरी गोंधळ आहे. सोपं करून सांगाल का? — वाचक, कोल्हापूर

मोइरा १९७५ पासून कॉमिक्समध्ये आहे. इतकी वर्षं ती एक्स-मेनची मैत्रीण, एक साधी मानवी शास्त्रज्ञ होती. हिकमनने ‘हाउस’च्या दुसऱ्या अंकात सांगून टाकलं की ती म्युटंटच आहे आणि तिची शक्ती मेल्याशिवाय दिसत नाही. ती मेली की काळ मागे फिरतो, ती पुन्हा आईच्या पोटात असते आणि मागच्या सगळ्या आयुष्यांची आठवण शाबूत असते.

पहिलं आयुष्य साधं जातं : लग्न, मुलं, म्हातारपण. दुसऱ्यात एक्स-मेनचा संस्थापक झेवियर याला भेटायला निघते आणि विमान कोसळतं. तिसऱ्यात ती म्युटंटपणावर ‘औषध’ शोधते. तेव्हा भविष्य दिसणारी डेस्टिनी तिला गाठून बजावते की तुझी आयुष्यं दहा, फार तर अकरा, आणि पुन्हा असं केलंस तर मी पुन्हा येईन. मग तिला जिवंत जाळलं जातं. तिथून पुढे मोइरा एकेका आयुष्यात एकेक रस्ता चोखाळते. चौथ्यात झेवियरबरोबर, आठव्यात झेवियरचा जुना वैरी मॅग्नेटोबरोबर, नवव्यात खलनायक अपोकॅलिप्सबरोबर. सातव्यात ती सेंटिनेल बनवणाऱ्या ट्रास्क घराण्यातला एकेक माणूस टिपते, तरी सेंटिनेल जन्माला येतातच. यंत्राची बुद्धी कुणी एकाने शोधून काढायची गोष्ट नाही, आगीसारखी ती कुणाला ना कुणाला सापडतेच, हे तिला तिथे कळतं. आमच्या मते अख्ख्या मालिकेतली सर्वांत चांगली कल्पना हीच.

तुमचा गोंधळ बहुधा सहाव्या आयुष्यामुळे झाला असेल. तक्त्यात ते मुद्दाम रिकामं ठेवलंय. वर्ष १०० ची गोष्ट नवव्या आयुष्यातली आणि वर्ष १००० ची सहाव्यातली, एवढं पेन्सिलीने समासात लिहून ठेवा, बाकीचं आपोआप जुळतं. आपण वाचतो ते चालू जग दहावं आयुष्य.

प्रश्न : आम्ही इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर वाढलो. वेताळ अमर आहे असं जंगल समजायचं, पण आत बाप मरायचा आणि मुलगा मुखवटा चढवायचा. त्यात एक धग होती. क्राकोआत कुणीही मेलं तरी पुढच्या अंकात हजर. मग धोका कसला उरला? — वाचक, पुणे

प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी हे मान्य करू की सुपरहिरो कॉमिक्समधलं मरण १९८० नंतर कधी खरं राहिलंच नव्हतं. जीन ग्रे मेली, परत आली, पुन्हा मेली. सायक्लॉप्स, वुल्व्हरिन, झेवियर, सगळे एकदा तरी जाऊन आलेले. दर वेळी लेखकाने नवी पळवाट काढायची आणि वाचकाने डोळे मिटून घ्यायचे. वेताळाच्या एकविसाव्या पिढीत जो प्रामाणिकपणा होता तो मार्व्हलकडे नव्हता. हिकमनने वेगळी वाट धरली. पळवाटेलाच त्याने सरकारी कार्यपद्धती केलं आणि तिचे नियम छापून टाकले.

‘हाउस’च्या पाचव्या अंकात ही पद्धत दिसते. पाच म्युटंट लागतात. गोल्डबॉल्स हा पोरगा आजवर थट्टेचा विषय होता, अंगातून सोनेरी गोळे फेकणारा. ते गोळे म्हणजे न फळलेली अंडी असतात, असं आता कळतं. प्रोटियस वास्तव वाकवून ती फळण्याजोगी करतो. सिनिस्टर या खलनायक शास्त्रज्ञाकडच्या संग्रहातून मेलेल्याचा डीएनए अंड्यात जातो आणि एलिक्सिर त्यात जीव धरायला लावतो. टेंपस आतल्या देहाचा काळ पुढे पळवून त्याला हव्या त्या वयाचा करते. होप या सगळ्यांच्या शक्ती वाढवते आणि एका तालात ठेवते, ती नसेल तर बाकीचे चार वेगवेगळे काही करू शकत नाहीत. एवढं झालं की अंड्यातून देह बाहेर येतो, पण कोरा. मग झेवियर सेरेब्रो हे मनं टिपणारं शिरस्त्राण घालून त्या देहात मनाची साठवलेली प्रत उतरवतो.

आता यात काय काय बिघडू शकतं ते पाहा, कारण गोष्टी तिथूनच निघतात.

प्रत घेतल्यानंतर आणि मरणाआधी जे घडलं ते परत आलेल्याला आठवत नाही. चौथ्या अंकात सूर्याजवळच्या तळावर एक अख्खी तुकडी मरते. सायक्लॉप्सला गोळी लागते, कर्ट (नाइटक्रॉलर) आणि वुल्व्हरिन जळून जातात, जीन एकटी छोट्या यानात अडकते. पाचव्या अंकात हे सगळे जमावासमोर नग्न, ओलेते उभे असतात, स्टॉर्म एकेकाला नावाने पुकारते आणि जमाव जयघोष करतो. ते पान पाहताना अंगावर काटा येतो आणि थोडी भीतीही वाटते, कारण हा सोहळा एखाद्या पंथाच्या दीक्षेसारखा दिसतो. तो तसा दिसावा म्हणूनच तसा काढलाय.

मेल्याचा पुरावा लागतो. एका माणसाच्या दोन प्रती चालणार नाहीत, त्यामुळे बेपत्ता माणसाला परत आणता येत नाही. ‘एक्स-फॅक्टर’ ही मालिका नेमकी याच खात्याची : मरण खरं की खोटं याची चौकशी. शिवाय रांग आहेच. जेनोशाचे लाखो लोक थांबलेले असताना आधी कुणाला आणायचं?

‘अदरवर्ल्ड’ या मितीत मेलेला माणूस तोच म्हणून परत येत नाही. रॉकस्लाइड परत येतो तेव्हा चेहरा तोच, माणूस दुसरा. त्याच्या मित्रांसाठी तो कायमचा गेला.

केट प्राइड भिंतीतून आरपार जाते, पण बेटाला जगाशी जोडणाऱ्या क्राकोआच्या दारांतून तिला जाता येत नाही. ती मरते तेव्हा तिला अंड्यातून बाहेर आणायचे पाचांचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात. ‘मरॉडर्स’चे ते अंक वाचताना धोका नाही असं तुम्हाला वाटणार नाही.

आणि सर्वांत जड भाग ‘एक्स-मेन’च्या सातव्या अंकातला. ज्यांच्या शक्ती २००५ मध्ये गेल्या त्यांना त्या परत हव्या असतील तर मरून नव्या देहात यावं लागेल. आत्महत्या चालणार नाही. म्हणून रिंगण : शक्ती नसलेल्या मेलडी गथ्रीने तलवार घेऊन अपोकॅलिप्सशी लढायचं आणि सगळ्यांच्या देखत मारलं जायचं. अपोकॅलिप्स तिला पुन्हा पुन्हा विचारतो की माघार घेतेस का. ती उठते. कर्टसारखा श्रद्धाळू माणूस हे बघून सैरभैर होतो आणि आता आपल्याला नवा धर्म लागेल का असा विचार करू लागतो.

म्हणजे मरणाचा धोका काढून घेतला, पण कोण ठरवणार, कुणाला नाकारणार, परत आलेला तोच का, हे प्रश्न पुढ्यात येऊन पडले. मिस्टिकला हवी असते ती मेलेली बायको, डेस्टिनी. पण मोइराच्या हट्टामुळे भविष्य दिसणाऱ्या कुणालाही परत आणायचं नाही असं आतल्या आत ठरलेलं असतं, मिस्टिकला मात्र आज-उद्या करत कामाला जुंपलं जातं. सगळ्यांना मिळणारी गोष्ट एकटीला नाकारल्यावर काय होतं, तो क्राकोआतला सर्वांत मोठा सुरुंग आहे. मेलेल्यांना परत आणताच आलं नसतं तर ही गोष्ट लिहिताच आली नसती.

प्रश्न : मधेमधे येणारी पांढरी पानं, तक्ते, पत्रं, नियमावल्या गाळल्या तर काय बिघडेल? आणि ती अगम्य लिपी कशी वाचायची? — वाचक, सांगली

गाळू नका. टॉम म्युलरने मांडलेली ही पानं सजावटीची नाहीत, अर्धी कथा त्यातच आहे. माणसांना द्यायच्या तीन औषधांची यादी (एक आयुष्य पाच वर्षांनी वाढवणारं, एक सर्व जंतूंवर चालणारं, एक मनाच्या आजारांवरचं) अशाच एका पानावर येते. क्राकोआचं सगळं परराष्ट्र धोरण त्या तीन औषधांवर उभं आहे : मान्यता द्या, औषध घ्या. कोणकोणत्या देशांनी नकार दिला त्याचीही नोंद आहे. पुढे भांडणं कुठे लागणार ते तिथेच कळतं. नंतरच्या काही लेखकांनी मात्र ही पानं उगाच भरली, एखादी विनोदी चिठ्ठी टाकून जागा भागवली. तिथे कंटाळा आला तर दोष तुमचा नाही.

लिपी सोपी आहे. इंग्रजीतल्या प्रत्येक अक्षराला आणि अंकाला एकेक चिन्ह, व्याकरण काही नाही. अंकाचं शीर्षक इंग्रजीत आणि क्राकोआ लिपीत असं दोन्हींत मिळतं. ती दोन शेजारी ठेवून चिन्हं वहीत उतरवा, तीन-चार अंकांत बहुतेक अक्षरं हाती येतात. सारखी येणारी ‘ई’ आणि ‘एक्स’ आधी पकडा. अंकाच्या शेवटी पुढच्या भागाचं नाव याच लिपीत असतं, सरावाला ते पुरेसं.

प्रश्न : झेवियरचं स्वप्न माणसांबरोबर राहायचं होतं. वेगळं राष्ट्र, ‘आम्ही श्रेष्ठ’ची भाषा, खुन्यांना माफी. नायकांना खलनायक करून टाकलं असं नाही का वाटत? — वाचक, पणजी

थोडं वाटतं, आणि ते वाटावं अशीच रचना आहे. क्राकोआचा कारभार पाहणाऱ्या बारा जणांच्या सभेत जुने खलनायक सिनिस्टर, अपोकॅलिप्स, सेबॅस्टियन शॉ बसतात, आणि त्यांच्या शेजारी जीन, स्टॉर्म, कर्ट. कायदे तीनच : म्युटंट वाढवा, माणसाचा खून करू नका, या भूमीचा मान राखा. पहिलाच खटला सेबरटूथचा येतो. कायदा होण्याआधी केलेल्या खुनांसाठी त्याला बेटाच्या पोटात, शुद्धीवर ठेवून, अनिश्चित काळासाठी गाडलं जातं. तुरुंग नको म्हणणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी तुरुंगाहून वाईट काहीतरी केलं, आणि सभेतल्या भल्या माणसांनीही त्याला हात वर केला.

आम्हाला हे धाडस वाटतं ते यामुळे की लेखक कुणाची बाजू घेऊन बोलत नाही. १ कोटी ६० लाख मेल्यावर ‘जरा समजून घ्या’ म्हणणं कोणत्या तोंडाने? आणि मॅग्नेटोने जेरुसलेममध्ये परदेशी राजदूतांना समोर उभं करून सुनावावं, हे तरी कोणत्या तोंडाने? दोन्ही पानं एकाच मालिकेत आहेत. तुम्हाला उत्तर हवं असेल तर ते इथे मिळणार नाही. ज्यांना सरळ नायक हवेत त्यांनी डगनचं ‘मरॉडर्स’ वाचावं. तिथे जहाज आहे, चाचेगिरी आहे आणि अडकलेल्यांची सुटका आहे.

प्रश्न : भारतीय पात्र आहे का कुणी? — वाचक, ठाणे

आहे, आणि भलत्याच जागी. करीमा शापंदर ही भारतीय पोलीस अधिकारी. २००० मध्ये ती कॉमिक्समध्ये आली, तिचं जबरदस्तीने ओमेगा सेंटिनेल हे यंत्र केलं गेलं. क्राकोआच्या काळात ती म्युटंटविरोधी ‘ऑर्किस’ संघटनेच्या केंद्रस्थानी आहे. ‘इन्फर्नो’ या मालिकेत कळतं की तिच्यात भविष्यातून आलेलं मन वसतंय, आणि त्या भविष्यात म्युटंट जिंकलेले असतात. तोवर आपण समजत असतो की भविष्यात यंत्रंच जिंकतात! मूळ करीमाला मात्र यात फार कमी जागा मिळाली, ही आमची तक्रार.

प्रश्न : पुढे काय विकत घ्यावं? ‘डॉन ऑफ एक्स’चा पहिला खंड मागवला, तर सहा वेगळ्याच गोष्टींची सुरुवात निघाली. — एक मराठी वाचक, न्यू जर्सी

फसलात, पण एकटे नाही. त्या खंडात सहा मालिकांचे फक्त पहिले अंक आहेत, दुसऱ्या खंडात दुसरे, असं ते १६ खंड चालतं. अंक बाजारात आले त्या ओघात सगळं वाचायचं असेल त्यांच्यासाठी ती सोय. एक धागा धरून वाचायचं असेल तर मालिकावार खंड घ्या आणि मागच्या कव्हरवर कोणते अंक आहेत ती ओळ तपासूनच पैसे द्या.

आमची निवड : हिकमनचं ‘एक्स-मेन’ (२१ अंक, प्रत्येक जवळपास सुटी कथा), पर्सीचं ‘एक्स-फोर्स’ निदान पहिले दहा अंक, वेल्सचं ‘हेलियन्स’, मग ‘इन्फर्नो’चे ४ अंक. त्यानंतर गिलनचं ‘इमॉर्टल एक्स-मेन’, ज्यात प्रत्येक अंक सभेतला एकेक सदस्य सांगतो, आणि इविंगचं ‘एक्स-मेन रेड’. ‘फॉलन एंजल्स’ सोडून दिलंत तर काही चुकणार नाही. ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’ २२ भागांचं आहे. त्यातला पहिला अर्धा तलवारी गोळा करण्यात जातो, आणि प्राणपणाची म्हणून गाजवलेली लढत मधेच सायफर या म्युटंटच्या लग्नावर येते. आम्हाला ते आवडलं, पण सगळ्यांना रुचेल याची हमी नाही. मार्व्हल अनलिमिटेड या वर्गणीच्या डिजिटल सेवेवर हे सगळं आहे. आधी तिथे चाळून मग कागदावर काय हवं ते ठरवा.

प्रश्न : एवढं चांगलं होतं तर बंद का पडलं? — वाचक, नाशिक

हिकमनच्या मनात तीन अंकी नाटक होतं. पहिला अंक इतका रंगला की बाकीच्या लेखकांना त्यातून बाहेर पडायचं नव्हतं. अजून बेटावर पुष्कळ सांगायचं होतं त्यांना. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘इन्फर्नो’ सुरू केलं आणि ते संपवून हिकमन निघाला. त्याआधी २०२० मध्ये एप्रिल ते मे मधल्या काळात अमेरिकेत नव्या अंकांचं वितरणच थांबलं होतं, तिथेही लय तुटली. पुढची दोन वर्षं चांगले अंक निघाले, पण मोइराचा जो प्रश्न सगळ्याच्या मुळाशी होता त्याचं तिला खलनायिका करून वाटोळं केलं. जुलै २०२३ च्या ‘हेलफायर गाला’त (क्राकोआवरच्या वार्षिक सोहळ्याच्या अंकात) ऑर्किस बेट उद्ध्वस्त करते आणि जून २०२४ मध्ये बेट दुसऱ्याच मितीत निघून जातं. शेवटच्या सहा महिन्यांत तीन वर्षांचं कथानक कोंबल्यासारखं वाटतं. महिन्याभरात नवे ‘एक्स-मेन’ सुरू झाले, अलास्कात. अंडी गेली, मरण पुन्हा पूर्वीसारखं पळवाटांचं झालं, आणि आम्हाला सर्वांत जास्त खटकलं ते हेच.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला द्यावं का? — वाचक, सातारा

‘हाउस’ आणि ‘पॉवर्स’ आधी स्वतः वाचा. ‘हाउस’चा चौथा अंक जड आहे. ‘एक्स-फोर्स’ आणि ‘हेलियन्स’ नको, रक्त फार. ‘न्यू म्युटंट्स’चं अंतराळातलं प्रकरण द्या, रॉड रीसची चित्रं आहेत आणि विनोद भरपूर.